एन्झाइम कमी आलं, एवढ्यावर निदान होत नाही: एमएलडीच्या तपासण्या, नाशिकहून

माझ्या भाचीला मेटाक्रोमॅटिक ल्यूकोडिस्ट्रॉफी आहे. डॉक्टर याला एमएलडी म्हणतात, आता घरातही तेच रूढ झालंय. पहिली शंका २०२३च्या पावसाळ्यात आली आणि पक्कं निदान हातात पडायला २०२४चा मे उजाडला. नंतर ताईच्या दुसऱ्या गरोदरपणात पोटातल्या बाळाच्या तपासण्या झाल्या. दाजींची नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत शिफ्ट ड्युटी आणि ताई चोवीस तास मुलीजवळ, त्यामुळे फाईल पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. दोघांना विचारूनच लिहितोय. डॉक्टर आणि लॅब यांची नावं दिलेली नाहीत. खर्चाचे आकडे आमच्या पावत्यांवरचे, अंदाजाने गोल केलेले. तुमच्याकडे कमी-जास्त होतील.

आधी आजार. मेंदूतल्या आणि हातापायांतल्या मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं. त्या आवरणात सल्फाटाइड नावाचा चरबीसारखा पदार्थ असतो. जुना सल्फाटाइड पेशींमधल्या लायसोसोम नावाच्या, टाकाऊ पदार्थ मोडणाऱ्या पिशव्यांमध्ये मोडला जातो आणि हे काम एरिलसल्फाटेज ए हे एन्झाइम करतं. ते बनवायची सूचना २२व्या गुणसूत्रावरच्या एआरएसए या जीनमध्ये असते. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर एन्झाइम जवळपास बनतच नाही, सल्फाटाइड साचत जातो आणि मायलिन झडायला लागतं. एकच प्रत बिघडलेली माणसं निरोगी असतात, त्यांना वाहक म्हणतात. दोन वाहकांच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. एक मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं. दर गरोदरपणी हिशोब नव्याने सुरू होतो.

वय बघून याचे प्रकार पाडतात. अडीच वर्षांच्या आत सुरू होणारा सगळ्यांत वेगवान. त्यानंतर सोळा वर्षांपर्यंतचा ज्युव्हेनाइल आणि मग मोठेपणी होणारा. आमचा पहिला.

भाची चौदाव्या महिन्यात चालायला लागली होती. जून २०२३मध्ये, वीस महिन्यांची असताना, पडायला लागली. आधी वाटलं ओल्या फरशीमुळे. मग चवड्यांवर चालू लागली. ऑगस्टमध्ये जिना चढताना पाय उचलेना. जवळच्या डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी तपासलं, ते कमी होतं (आपल्याकडे कुणाचं नसतं?), ते सुरू केलं. हाडांच्या डॉक्टरांनी बूट दिले. यात दोन-अडीच महिने गेले, आणि त्यात कुणाला फार दोष देता येईल असं मला वाटत नाही. चवड्यांवर चालणारी बहुतेक मुलं ठीकच असतात. मात्र जे मूल एक गोष्ट शिकून नंतर ती विसरायला लागतं त्याचा विषय वेगळा. उशिरा चालणं आणि चालणं जाणं यांतला फरक डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. मोबाईलमधले जुने व्हिडिओ तारखेसह दाखवा. आमच्याकडे एप्रिलचा ती पळतानाचा व्हिडिओ होता आणि ऑक्टोबरचा भिंत धरून चालतानाचा. लहान मुलांच्या मेंदूविकार तज्ज्ञांनी ते दोन बघितले आणि बुटांच्या चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या.

त्या तपासणीत त्यांनी आधी गुडघ्यावर आणि मग घोट्याच्या मागच्या शिरेवर हातोडी मारली. घोटा हललाच नाही. नंतर हातोडीच्या दांड्याने तळपायाच्या कडेने, टाचेपासून बोटांकडे, एक रेघ ओढली. अंगठा खाली वळायच्या ऐवजी वर गेला. त्यांनी हे दोन्ही पायांवर परत करून पाहिलं आणि आम्हाला समजावलं. अंगठा वर जाणं ही मेंदूच्या बाजूची खूण, घोटा न हलणं ही पायाच्या नसांच्या बाजूची. दोन्हीकडे एकाच वेळी बिघाड दाखवणारे आजार मोजके असतात, आणि मायलिनचे आजार त्यांत वरच्या नंबरावर. म्हणून एमआरआयबरोबर एनसीव्ही, म्हणजे नसांमधून विजेचा संदेश किती वेगाने जातो त्याची तपासणी, एकदमच लिहून दिली. सुरुवातीच्या काळात कधीकधी एमआरआय जवळजवळ नॉर्मल असतो आणि एनसीव्ही आधी बिघडतो, तेव्हा एमआरआय चांगला आला म्हणून थांबू नका.

लहान मुलाचा एमआरआय भूल देऊनच करावा लागतो. दूध आणि खाणं सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. सर्दी-खोकला असेल तर भूलतज्ज्ञ पुढची तारीख देतात. डिसेंबरच्या थंडीत आमचं तसंच झालं आणि तारीख पुढे गेली. भुलीसकट साडेनऊ हजारांच्या आसपास आणि एनसीव्हीचे तीन हजार लागले. फिल्म तर घ्याच, पण सीडीही मागून घ्या. पुढच्या प्रत्येक ठिकाणी सीडीच विचारतात. दाजींच्या कंपनीची मेडिक्लेम होती, पण अ‍ॅडमिट न होता केलेल्या तपासण्यांचे पैसे मिळाले नाहीत. पावत्या तरीही ठेवल्या.

एनसीव्हीत सगळ्या नसांचा वेग कमी. एमआरआयच्या रिपोर्टवर दोन्ही बाजूंना सारखाच पांढऱ्या भागाचा बिघाड, कवटीलगतचे यू-फायबर (मेंदूच्या बाहेरच्या थराखालचे आखूड तंतू) वाचलेले, आणि ‘टायग्रॉइड’ असा शब्द. बिघडलेल्या भागात मधूनमधून वाचलेल्या मायलिनचे पट्टे दिसतात, त्याला टायग्रॉइड म्हणतात. त्या रात्री सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवर तो शब्द शोधला आणि सकाळी त्याबद्दल कुणी कुणाशी बोललं नाही.

एमआरआयवरून अंदाज येतो, नाव ठरत नाही. क्राबे नावाच्या आजारातही असे पट्टे दिसू शकतात आणि तिथे एन्झाइम वेगळं असतं. म्हणून पुढची पायरी रक्तातलं एन्झाइम मोजण्याची. जास्तीत जास्त घोळ इथेच होतात, म्हणून हे सविस्तर.

एरिलसल्फाटेज ए पांढऱ्या पेशींमध्ये मोजतात. कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यांवर पुष्कळ एन्झाइम मोजता येतात, पण याच्यासाठी ती नेहमीची पद्धत भरवशाची नाही. आमच्याकडच्या एका कलेक्शन सेंटरने ‘ठिपके पाठवले तरी चालतात’ असं सांगितलं होतं. ज्या लॅबमध्ये मोजणार होते तिथे फोन केला तेव्हा उत्तर उलट आलं. कलेक्शन सेंटर फक्त रक्त काढून पुढे पाठवतं, त्यामुळे शंका विचारायची ती मोजणाऱ्या लॅबलाच.

आमच्या लॅबने मागितलं होतं ते असं: हिरव्या झाकणाच्या हेपरिनच्या नळीत पाच मिली, शिवाय डीएनएसाठी जांभळ्या झाकणाच्या ईडीटीएच्या नळीत तीन मिली. पेशी जिवंत पोचायला हव्यात, म्हणून नमुना थंड हवा पण गोठता कामा नये. थर्माकोलच्या डब्यात तळाला जेल पॅक, त्यावर वर्तमानपत्राची जाड घडी, त्यावर कापसात गुंडाळलेल्या नळ्या, मग परत घडी आणि वर दुसरा जेल पॅक. नळी जेल पॅकला थेट चिकटली तर त्या बाजूचं रक्त गोठतं, पेशी फुटतात आणि लॅब ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा मारून नमुना परत करते. ‘नाजूक’ लिहिलेल्या चिकटपट्टीपेक्षा या घड्यांनी जास्त काम होतं. शुक्रवार-शनिवारी रक्त काढू नका, रविवारी डबा कुरिअरच्या गोदामात पडून राहतो. सणाची सुट्टीही बघून घ्या. आमचा नमुना २०२४च्या जानेवारीत गेला. मकर संक्रांत आणि प्रजासत्ताक दिन टाळून मधला मंगळवार धरला, सकाळी रक्त काढलं आणि डबा त्याच दिवशी कसाऱ्याचा घाट उतरला.

सोबत घरातल्या नात्यात नसलेल्या एका निरोगी माणसाचं रक्तही त्याच डब्यातून पाठवायला सांगितलं होतं. शेजारच्या दादांनी दिलं. याला कंट्रोल म्हणतात. त्यांचंही एन्झाइम कमी आलं असतं तर दोष प्रवासाचा ठरला असता. याशिवाय लॅब त्याच नमुन्यात दुसरं एखादं एन्झाइम मोजून बघते. ते नॉर्मल असेल तर पेशी चांगल्या पोचल्या असं धरतात. तिसरी खातरजमा म्हणजे दुसरं एखादं सल्फाटेज मोजणं. मल्टिपल सल्फाटेज डेफिशियन्सी नावाच्या आजारात एरिलसल्फाटेज ए कमी असतंच, पण बाकीची सल्फाटेजही कमी असतात. या तिन्ही गोष्टी रिपोर्टमध्ये आहेत का ते बघा. नसतील तर विचारा. एन्झाइमच्या तपासणीला साडेपाच हजार लागले आणि रिपोर्ट फेब्रुवारीच्या मध्याला आला.

भाचीचा आकडा लॅबच्या सरासरीच्या ४ टक्के. कंट्रोल नॉर्मल, दुसरं एन्झाइम नॉर्मल, दुसरं सल्फाटेजही नॉर्मल. आपण समजू की झालं, पण इथून पुढेच खरा गुंता होता.

एरिलसल्फाटेज ए-च्या बाबतीत स्यूडोडेफिशियन्सी नावाचा प्रकार आहे. एआरएसए जीनमध्ये असे दोन निरुपद्रवी बदल सापडतात की ज्यांनी एन्झाइमचं प्रमाण खूप घटतं, पण उरलेलं शरीराला पुरतं. एका बदलात प्रथिनाच्या ३५२व्या जागी अ‍ॅस्परजिनऐवजी सेरिन येतं, दुसरा जीनच्या शेपटाकडच्या पॉली-ए सिग्नलमध्ये असतो. दोन्ही प्रतींवर हे असेल तर माणसाचं एन्झाइम सरासरीच्या ५ ते १५ टक्के भरतं आणि तो पूर्ण निरोगी असतो. हे बदल जगभर बऱ्यापैकी आढळतात. म्हणजे नुसतं कमी एन्झाइम एमएलडीचंही असू शकतं आणि ठणठणीत माणसाचंही. दोन्हींत फरक करायचे रस्ते दोन: लघवीत साचून बाहेर पडणारे सल्फाटाइड मोजणं, नाहीतर जीन तपासणं. लघवीची तपासणी फार कमी ठिकाणी होते. आम्ही जीनची केली.

दरम्यान ताई-दाजींचंही एन्झाइम मोजायला पाठवलं होतं. वाहकाचं साधारण निम्मं येतं, ताईचं तसंच आलं. दाजींचं आलं ७ टक्के.

तो रिपोर्ट कंपनीच्या गेटवर मोबाईलवर उघडला गेला. दाजी धडधाकट, दोन्ही शिफ्ट ओढणारे, आणि कागदावर मुलीच्या जवळपास तेवढंच एन्झाइम. मोठेपणी होणारा एमएलडीही असतो हे तोवर सगळ्यांनी वाचलेलं होतं, त्यामुळे घरात काय झालं असेल ते लिहायला नको. डॉक्टरांनी मात्र आकडा बघून लगेच शक्यता सांगितली: एका प्रतीवर आजाराचा बदल आणि दुसऱ्या प्रतीवर स्यूडोडेफिशियन्सीचा. तसं असेल तर एन्झाइम इतकंच भरतं आणि माणूस निरोगी राहतो. खात्री जीनचीच.

जीनच्या तपासणीसाठी आम्ही मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात दाखवलं. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ साली आलं, त्यात केईएम हे उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस सोयीची, दादरला उतरायचं. पण दादर येईपर्यंत दहा वाजून गेलेले असतात आणि केसपेपरची रांग सकाळीच लागते. जवळ कुणी नातेवाईक असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला जा, नसेल तर पहाटेची गाडी बघा. ओपीडीचा वार आधी फोनवर पक्का करून घ्या. सोबत न्यायचं: एमआरआयची सीडी, एन्झाइमचे मूळ रिपोर्ट, आधार, रेशन कार्ड, मुलीचं जन्माचं कार्ड, आणि दोन्हीकडच्या तीन पिढ्यांची माहिती. तिथल्या डॉक्टरांनी चौकोन आणि गोल काढून वंशावळ मांडली. मामे-आते लग्न कुठे झालंय का, लहानपणी गेलेलं मूल आहे का, हे सगळं विचारलं. आमच्या आजीने ‘पायाने अधू होऊन गेलेला’ एक चुलत दीर आठवून सांगितला. त्याचा याच्याशी संबंध लावता आला नाही, पण अशी माहिती घरातल्या म्हाताऱ्यांकडूनच मिळते आणि ती निघण्याआधी विचारून घ्यायला हवी.

क्लिनिकल एक्झोम, म्हणजे आजारांशी संबंध माहीत असलेले जीन एकदम वाचायची तपासणी, बाहेरच्या लॅबमधून झाला, २२ हजार. सांगितलेला वेळ चार ते सहा आठवडे. आम्हाला त्याहून थोडा जास्त लागला.

वाट बघत असतानाच, मार्च २०२४मध्ये, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, एमएलडीच्या जीन थेरपीला मान्यता दिल्याची बातमी आली. युरोपात ती डिसेंबर २०२०पासून मंजूर होती. निम्म्या नातेवाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ती पाठवली. मुलाच्या स्वतःच्याच रक्तातल्या मूळ पेशी काढतात, त्यांत चांगला एआरएसए जीन घालतात, केमो देऊन बोन मॅरो रिकामा करतात आणि पेशी परत सोडतात. अमेरिकेतली किंमत साडेबेचाळीस लाख डॉलर. पण आमच्यासाठी पैसे हा दुसरा मुद्दा होता. अडीच वर्षांच्या आत सुरू होणाऱ्या प्रकारात ती लक्षणं दिसण्याआधीच द्यावी लागते. नव्या पेशी मेंदूत पोचून एन्झाइम पुरवायला लागेपर्यंत काही महिने जातात आणि तेवढ्यात हा आजार फार पुढे जातो. साध्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटचंही तेच. ज्युव्हेनाइल प्रकारात अगदी सुरुवातीला असेल तर विचार करता येतो. सरकारी धोरणात उपचारासाठी ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, पण ती ज्या आजारात आणि ज्या टप्प्यावर उपचाराचा उपयोग आहे तिथे. हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, हातचं राखून न ठेवता, आणि मला तेच बरं वाटलं. ताईला त्या दिवशी तसं वाटलं नाही.

एक्झोमचा रिपोर्ट मेमध्ये आला. एआरएसएमध्ये दोन वेगवेगळे बदल. एक ‘पॅथोजेनिक’, दुसरा ‘लाइकली पॅथोजेनिक’. या रिपोर्टमध्ये बदलांचे पाच वर्ग असतात: बिनाइन, लाइकली बिनाइन, अनिश्चित, लाइकली पॅथोजेनिक आणि पॅथोजेनिक. मधला अनिश्चित वर्ग म्हणजे व्हीयूएस आला तर त्यावर पुढचे निर्णय घेता येत नाहीत, अशा वेळी एन्झाइम आणि लघवीच्या तपासणीचं महत्त्व वाढतं. दोन बदल सापडले म्हणजे ते दोन वेगळ्या प्रतींवर आहेत असंही लगेच धरता येत नाही. दोन्ही एकाच प्रतीवर असू शकतात. म्हणून आई-वडिलांची तपासणी करून कुठला कुणाकडून आला ते बघावंच लागतं. सँगर पद्धतीने फक्त तेवढ्या दोन जागा बघतात, माणशी साडेतीन हजार. एक ताईकडून निघाला, एक दाजींकडून.

आता दाजींचे ७ टक्के. रिपोर्टमध्ये स्यूडोडेफिशियन्सीचं नावच नव्हतं. कारण साधं आहे: ते बदल निरुपद्रवी आणि बऱ्यापैकी आढळणारे, त्यामुळे लॅबची गाळणी ते काढून टाकते. पॉली-ए सिग्नलचा भाग तर एक्झोममध्ये नीट वाचला जाईलच असं नाही. लॅबला ईमेल करून दोन्ही जागा स्वतंत्र तपासून मागाव्या लागल्या. उत्तर आलं: दाजींच्या एका प्रतीवर स्यूडोडेफिशियन्सी आहे, भाचीत नाही. भाचीला दाजींची आजाराची प्रत मिळाली आणि तिच्यासोबत स्यूडोडेफिशियन्सी आली नाही, म्हणजे ती दाजींच्या दुसऱ्या, चांगल्या प्रतीवर आहे. दाजी वाहक आहेत, आजारी नाहीत. त्यांच्या फाईलमध्ये डॉक्टरांचं एका पानाचं पत्र लावून ठेवलंय, उद्या कुठल्या तपासणीत हा आकडा निघाला तर कुणी घाबरवू नये म्हणून.

एमएलडीची शंका असलेल्या प्रत्येक घराला मी हे सांगतो की लक्षणांवरून आणि एमआरआयवरून मुलाचं भवितव्य कळलेलं असलं तरी जीनपर्यंत जा, आणि मूल असतानाच जा. मूल गेल्यावर त्याचं रक्त मिळत नाही आणि मग पुढच्या बाळाच्या वेळी दोन्ही पालकांमध्ये अंधारात शोधावं लागतं. पैसे आत्ता नसतील तर निदान डीएनए काढून साठवून ठेवायला सांगा.

सरकारी कागदांचं थोडक्यात. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि मग त्र्यंबक रोडच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात तपासणीला जायचं. विभागवार दिवस ठरलेले असतात. लहान मुलाला मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, मुदत संपायच्या आधी परत अर्ज करा. अर्जात आजाराचं नाव लिहून भागत नाही, मूल काय करू शकत नाही ते डॉक्टरांच्या पत्रात स्पष्ट असायला हवं: बसता येत नाही, बोलत नाही, गिळायला त्रास. बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण आहे आणि त्यात ओपीडी आणि थेरपीचाही खर्च बसतो. जुन्या करप्रणालीत असाल तर प्राप्तिकरात अपंग अवलंबितासाठीची वजावट ७५ हजारांची, तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची.

घरातल्या काळजीत ज्या गोष्टी आम्हाला उशिरा कळल्या त्या सांगतो. मूल खूप रडत असेल तर ‘आजारच तसा’ म्हणून सोडू नका. बद्धकोष्ठता, आम्लपित्त, कंबरेचा निखळत चाललेला सांधा आणि पित्ताशय हे क्रमाने बघा. सल्फाटाइड पित्ताशयातही साचतो, आत गाठी होऊ शकतात, म्हणून पोटाची सोनोग्राफी अधूनमधून करायची असते. पातळ पाणी श्वासनलिकेत जायची भीती जास्त, दाट नागलीच्या पेजेची कमी. भरवताना पाठ ताठ आणि हनुवटी किंचित खाली. एका जेवणाला पाऊण तासाच्या वर लागायला लागलं आणि वजन थांबलं की पोटातल्या नळीचा विषय डॉक्टर काढतातच. तेव्हा दचकू नका, छातीत संसर्ग होऊन अ‍ॅडमिट व्हायची वाट बघण्यापेक्षा ते बरं. पायाचे एएफओ, म्हणजे घोटा सरळ धरणारे साचे, रात्रीही घालतात, टाचेची शीर आखडू नये म्हणून. उन्हाळ्यात आत सुती मोजा घाला, नाहीतर त्वचा सोलते.

दुसऱ्या बाळाचा निर्णय ताई-दाजींचा. भ्रूण तपासून आयव्हीएफ करायचा पर्याय डॉक्टरांनी सांगितला होता, काही लाखांचा, तो त्यांनी घेतला नाही. सप्टेंबर २०२४मध्ये दिवस राहिले. इथून पुढे आठवडे मोजायचे असतात. सहाव्या-सातव्या आठवड्यातच जेनेटिक्सच्या डॉक्टरांना फोन करा, कारण सीव्हीएस, म्हणजे वारेचा बारीक तुकडा काढणं, अकरा ते तेरा आठवड्यांत करतात. ते हुकलं तर सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल. तपासणी पीसीपीएनडीटीखाली, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली, नोंदलेल्या केंद्रातच होते, फॉर्म जी वर आईची सही घेतात, आणि मुलगा की मुलगी हे कुणी सांगत नाही, विचारायचंही नाही. पोटातून सुई घालून सोनोग्राफीवर बघत तुकडा घेतात. गर्भपाताचा धोका शंभरात एकापेक्षा कमी सांगितला. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन. आईचं रक्तही सोबत जातं, तुकड्यात आईच्याच पेशी मिसळल्या नाहीत ना हे बघायला. प्रक्रिया आणि तपासणी मिळून तीसेक हजार झाले.

आमच्या डॉक्टरांनी त्या तुकड्यात एन्झाइम मोजायला लावलं नाही, फक्त जीन. कारण या जोडप्याच्या बाळाच्या चार शक्यता अशा: ताई आणि दाजी दोघांची आजाराची प्रत आली तर बाळ आजारी. ताईची आजाराची आणि दाजींची स्यूडोडेफिशियन्सीची आली तर बाळ वाहक आणि निरोगी, पण एन्झाइम तळाला. ताईची चांगली आणि दाजींची आजाराची आली तर साधं वाहक. ताईची चांगली आणि दाजींची स्यूडोडेफिशियन्सीची, तर आजारही नाही आणि वाहकही नाही. म्हणजे एन्झाइमच्या आकड्यावर चारांतली दोन बाळं आजारी वाटली असती आणि प्रत्यक्षात एकच असतं.

सीव्हीएस बाराव्या आठवड्यात झाली, रिपोर्ट पंधराव्याच्या सुमारास. एमटीपीच्या, म्हणजे गर्भपाताच्या कायद्याच्या, २०२१च्या दुरुस्तीनुसार गर्भपाताला वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं, गर्भदोषासारख्या कारणांसाठी वीस ते चोवीसमध्ये दोघांचं, आणि गंभीर दोषात त्यापुढे वैद्यकीय मंडळ. हे माहीत असूनही तारीख लवकरची धरलेली बरी. ते तीन आठवडे ताईने बाळाविषयी कुणालाही काही सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा.

रिपोर्ट दुसऱ्या शक्यतेचा आला: ताईची आजाराची प्रत, दाजींची स्यूडोडेफिशियन्सीची. जून २०२५मध्ये मुलगा झाला. जन्मानंतर नाळेच्या रक्तावर जीन पुन्हा तपासून पक्कं केलं. डॉक्टरांनी त्याचं एन्झाइम मोजू नका असंच सांगितलंय, आणि दाजींसारखंच एक पत्र त्याच्याही फाईलला लावलंय.

आता प्रश्न बाकीच्या घराचा आहे. ताई वाहक, म्हणजे तिच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाची वाहक असण्याची शक्यता निम्मी. मी माझी तपासणी केली. कुठला बदल शोधायचा हे ठाऊक असल्याने एकाच जागेचं सँगर पुरलं, साडेतीन हजारात. मी वाहक आहे, म्हणून बायकोचा पूर्ण एआरएसए वाचून घेतला. त्यात काही निघालं नाही. दाजींच्या दोन भावांना रिपोर्टची झेरॉक्स दिली आहे. धाकट्याचं यंदा लग्न बघतायत. तपासणी लग्न ठरायच्या आधी करायची, नंतर करायची, आणि निघालंच काही तर मुलीकडच्यांना कुणी सांगायचं, यावर त्यांच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.